मुखदौर्गंध्य (आयुर्वेद)

मुखदौर्गंध्य म्हणजे तोंडाला किंवा उच्छ्वासाला सतत येणारी दुर्गंधी. बोलीभाषेत याला ‘तोंडाला वास येणे’ असे म्हणतात. आधुनिक वैद्यकात यासाठी ‘हॅलिटोसिस’ ही संज्ञा रूढ आहे. आयुर्वेदात या लक्षणाचा विचार मुख्यतः शालाक्यतंत्रात, म्हणजे मानेच्या वरील अवयवांच्या रोगांना वाहिलेल्या शाखेत होतो. त्याखेरीज दिनचर्येच्या प्रकरणांत आणि प्रमेह, नासारोग, अर्श अशा इतर व्याधींच्या वर्णनातही त्याचे उल्लेख येतात. संहितांमधील उपचारांचा रोख वास झाकण्यापेक्षा त्याचे उगमस्थान शोधून ते शुद्ध करण्याकडे अधिक आहे. सुगंधी द्रव्ये तोंडात धरण्याचा उपदेशही ग्रंथांत आहे, परंतु तो मुखशुद्धीनंतरचा भाग म्हणून. प्रत्यक्ष लोकव्यवहारात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटला आहे.

संज्ञा

संस्कृत ग्रंथांत मुखदौर्गंध्य, वक्त्रदौर्गंध्य, आस्यदौर्गंध्य, पूतिवक्त्रता आणि पूत्यास्यता असे शब्द आढळतात. ‘पूति’ म्हणजे कुजका वास. ‘आस्यवैरस्य’ ही वेगळी संज्ञा असून तिचा अर्थ तोंडाची चव बिघडणे असा आहे. दोन्ही लक्षणे बरोबर येत असल्याने त्यांचा उल्लेख अनेकदा एकत्र होतो. ‘हॅलिटोसिस’ हा शब्द श्वासवाचक लॅटिन शब्दाला ग्रीक प्रत्यय जोडून तयार झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेतील एका गुळण्यांच्या औषधाच्या जाहिरातींमुळे तो सर्वतोमुखी झाला.

संहितांतील वर्णन

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ६५ मुखरोग सांगितले आहेत. त्यांपैकी ओठांचे ८, दंतमूलांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ आणि सर्व मुखाला व्यापणारे ३ आहेत. या यादीत दुर्गंधी हा स्वतंत्र रोग नाही. ती इतर रोगांचे लक्षण म्हणून येते. ‘शीताद’ या दंतमूलरोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते आणि हिरड्या दुर्गंधीयुक्त, काळसर, ओलसर व मऊ होऊन झडू लागतात. ‘दंतवेष्टक’ या रोगात पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतात. आजच्या भाषेत या वर्णनांची तुलना हिरड्यांचा दाह व दातांभोवतीच्या ऊतींचा क्षय यांच्याशी केली जाते.

वाग्भटाने मात्र अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात दुर्गंधीला स्वतंत्र स्थान दिले. ‘पूत्यास्यता’ हा रोग दंतकाष्ठ इत्यादी मुखशुद्धीच्या उपायांचा तिटकारा असणाऱ्यास होतो, असे तो सांगतो. त्याच्याच शेजारी ‘ऊर्ध्वगुद’ नावाचा विकार आहे. अर्श, गुल्म किंवा कफ यांमुळे खालच्या मार्गाने जाणारा वायू अडतो, वर वळतो आणि मुखाला दुर्गंध आणतो, अशी त्याची संप्राप्ती आहे. एका विकाराचे कारण तोंडात आणि दुसऱ्याचे कोष्ठात, असा भेद या दोन वर्णनांतून स्पष्ट होतो.

नाकाकडून येणाऱ्या दुर्गंधीची दखल सुश्रुताने घेतली आहे. गळा व टाळूच्या मुळाशी दोष विदग्ध झाल्याने मुख आणि नासिका या दोन्हींतून दुर्गंधित वायू बाहेर पडतो, त्या रोगास ‘पूतिनस्य’ म्हटले आहे. याहून लक्षणीय उल्लेख प्रमेहाच्या पूर्वरूपांत सापडतो. लघवी गोड होणे, तहान, ग्लानी यांच्या जोडीने श्वासाला दुर्गंध येणे आणि टाळू, गळा, जीभ व दात यांवर मळ साचणे ही प्रमेह प्रकट होण्यापूर्वीची चिन्हे म्हणून सुश्रुताने नोंदवली आहेत. मधुमेह आणि हिरड्यांचा विकार परस्परांना बळ देतात, हे आता सर्वमान्य आहे; त्यामुळे या नोंदीला केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असे म्हणता येत नाही.

दोषविचाराच्या दृष्टीने मुख हे कफाचे स्थान मानले जाते. जिभेत राहून रसाचे ज्ञान करून देणारा तो ‘बोधक’ कफ. अपचनाने आम निर्माण झाला की जिभेवर पांढरट, चिकट लेप येतो, अशी आयुर्वेदाची धारणा आहे. म्हणून वैद्य दुर्गंधीच्या रुग्णाची जीभ तपासताना तिच्याकडे पचनाचा निदर्शक म्हणूनही पाहतात.

दंतधावन आणि जिह्वानिर्लेखन

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिवसातून दोन वेळा दात घासण्यास सांगितले आहे. काडीचा अग्रभाग चावून कुंच्यासारखा करावा, तिची चव तुरट, तिखट किंवा कडू असावी आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असा नियम आहे. दुर्गंध, तोंडाची बेचव आणि जीभ, दात व मुखातील मळ दूर होणे हे त्याचे फळ होय. सुश्रुताच्या मते काडी १२ अंगुळे लांब आणि करंगळीइतकी जाड असावी. कडू रसात निंब, तुरट रसात खदिर म्हणजे खैर, मधुर रसात मधूक म्हणजे मोह आणि तिखट रसात करंज हे वृक्ष त्याने श्रेष्ठ ठरवले आहेत.

दातवण म्हटले की आज कडुनिंबच डोळ्यांपुढे येतो; पण चरकाने या ठिकाणी नावे दिलेल्या सहा वृक्षांत तो नाही. करंज, करवीर, अर्क, मालती, ककुभ (अर्जुन) आणि असन ही ती नावे होत. यांतील करवीर म्हणजे कण्हेर व अर्क म्हणजे रुई. कण्हेरीत हृदयाच्या गतीवर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात आणि रुईचा चीक दाहक असतो. ग्रंथात उल्लेख आहे एवढ्या आधारावर या दोन वनस्पतींच्या काड्या चावणे धोक्याचे आहे. काडी केव्हा वापरू नये हेही ग्रंथांनी सांगितले आहे. गळा, टाळू, ओठ वा जीभ यांचे विकार, मुखपाक, अजीर्ण आणि उलटी या अवस्थांत दंतकाष्ठ वर्ज्य आहे.

दुर्गंधीच्या संदर्भात अधिक महत्त्वाचा विधी जिह्वानिर्लेखनाचा, म्हणजे जीभ खरवडून स्वच्छ करण्याचा आहे. चरकाने जीभ घासण्याची पट्टी सोने, चांदी, तांबे, कथील किंवा पितळ यांची, बोथट आणि वाकलेली असावी असे सांगितले. सुश्रुताने सोन्याचांदीबरोबर लाकडाचीही मुभा देऊन ती मऊ, गुळगुळीत व १० अंगुळे लांब असावी असे म्हटले. या विधीमागील कारण चरक नेमकेपणाने देतो: जिभेच्या मुळाशी साचलेला मळ उच्छ्वासाला अडथळा करतो आणि दुर्गंध निर्माण करतो, म्हणून जीभ खरवडावी.

आयुर्वेदातील मुखदौर्गंध्यविषयक विधानांपैकी आधुनिक संशोधनाशी सर्वाधिक जुळणारे विधान हेच होय. जिभेचा मागील भाग खडबडीत असतो. तेथे लाळेचा प्रवाह कमी पोहोचतो, अन्नकण व मृत पेशी अडकतात आणि प्राणवायूविना वाढणारे जीवाणू त्यांतील प्रथिनांचे विघटन करतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड व मिथाइल मर्कॅप्टन ही गंधकयुक्त बाष्पशील संयुगे बाहेर पडतात. कॅनडातील संशोधक जोसेफ टोन्झेटिच यांनी १९७० च्या दशकात या संयुगांचा आणि मुखदुर्गंधीचा संबंध प्रस्थापित केला. अर्थात चरकाला जीवाणूंची कल्पना होती असा याचा अर्थ नव्हे. मळ कोठे साचतो आणि वास कोठून येतो हे त्याने निरीक्षणाने ओळखले होते, इतकेच यावरून म्हणता येते. जीभ घासल्याने होणारा लाभ अल्पकाळ टिकतो, असे चाचण्यांत दिसले आहे. त्यामुळे दिनचर्येत हा विधी रोजचा ठरवला गेला, ते योग्यच होय. जोर लावून खरवडल्यास जिभेला व्रण पडतात.

गंडूष आणि कवल

औषधी द्रव तोंडात धरण्याचे दोन प्रकार आहेत. तोंड इतके भरले की द्रव हलवता येत नाही तेव्हा तो गंडूष. खुळखुळता येईल एवढीच मात्रा असेल तेव्हा तो कवल. शार्ङ्गधराने गंडूष द्रवाचा आणि कवल कल्काचा, असा भेद केला आहे. डोळ्यांतून व नाकातून पाणी येईपर्यंत किंवा तोंड कफाने भरेपर्यंत द्रव धरावा आणि मग थुंकून टाकावा. वाग्भटाने गंडूषाचे स्निग्ध, शमन, शोधन व रोपण असे चार प्रकार मानले.

गेल्या काही दशकांत तेलाचा गंडूष ‘ऑइल पुलिंग’ या नावाने जगभर लोकप्रिय झाला आणि मुखदुर्गंधीवरील प्रमुख आयुर्वेदिक उपाय म्हणून त्याचा प्रचार होतो. मूळ ग्रंथांत चित्र थोडे वेगळे आहे. चरकाने तिळतेलाच्या गंडूषाचे पुष्कळ लाभ सांगितले आहेत: जबड्यास व स्वरास बळ, रुची, कंठशोष न होणे, ओठ न फुटणे, दात बळकट होणे व आंबट पदार्थांनी न शिवशिवणे. दुर्गंधनाश या यादीत नाही. दुर्गंधासाठी वाग्भट ज्याचे नाव घेतो ते द्रव्य धान्याम्ल होय. धान्याम्ल म्हणजे धान्य आंबवून केलेली कांजी. तिचा गंडूष तोंडाची बेचव, मळ आणि दुर्गंध यांचा नाश करतो, असे तो म्हणतो. मधाचा गंडूष व्रण भरून येण्यासाठी आणि कोमट पाण्याचा तोंडाला हलकेपणा येण्यासाठी सांगितला आहे. सर्व प्रकारांत तेलच पुढे आले, याला त्याची सुलभता कारण असावी.

तिळतेलाच्या गंडूषाने दुर्गंधी व जीवाणूंची संख्या घटल्याचे काही चाचण्यांत आढळले, परंतु त्या लहान व थोड्या दिवसांच्या होत्या. चूळ भरताना तेल श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा विशिष्ट दाह होऊ शकतो. म्हणून लहान मुले आणि गिळण्याचा त्रास असणाऱ्या व्यक्ती यांच्यासाठी हा विधी उचित मानला जात नाही.

विकारानुसार चिकित्सा

हिरड्या हे दुर्गंधीचे मूळ असेल तर सुश्रुत प्रथम दूषित रक्त काढण्यास सांगतो. शीतादात रक्तमोक्षणानंतर सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा यांच्या काढ्याचा गंडूष आणि प्रियंगू, नागरमोथा व त्रिफळा यांचा लेप दिला आहे. दातांवर चढलेल्या कठीण थराला ‘दंतशर्करा’ म्हणतात. दंतमूलांना इजा न करता वैद्याने ती शस्त्राने खरवडून काढावी आणि मग लाखेचे चूर्ण मधात कालवून चोळावे, असा विधी आहे. या कामासाठीच्या ‘दंतशंकू’ या शस्त्राचा समावेश सुश्रुताच्या २० शस्त्रांत होतो. दंतवैद्य आज यंत्राने दातांवरील किटण काढतात, तेव्हा तत्त्व तेच असते. साठलेले किटण कोणत्याही मंजनाने निघत नाही, ही गोष्ट त्या काळीही ज्ञात होती.

पूत्यास्यतेसाठी वाग्भटाने वमन, तीक्ष्ण धूम आणि नस्य हा क्रम दिला असून समंगा, धायटी, लोध्र, प्रियंगू व पद्मक यांच्या पाण्याने मुख धुणे आणि त्यांचेच चूर्ण आत भुरभुरणे सांगितले आहे. ही सर्व द्रव्ये प्रामुख्याने तुरट रसाची आहेत. स्राव थांबवणे व ऊती आवळणे हे तुरट रसाचे कार्य असल्याने हिरड्यांच्या चिकित्सेत ती पुनःपुन्हा येतात. वमन हा पंचकर्मांपैकी एक विधी आहे आणि तो वैद्याच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

नंतरच्या काळातील योगांपैकी इरिमेदादी तेल, खदिरादी गुटिका आणि दशनसंस्कार चूर्ण हे आजही वापरात आहेत. दशनसंस्कार चूर्ण गोविंददासाच्या भैषज्यरत्नावलीत येते. त्यात सुंठ, हिरडा, नागरमोथा, खैर, कापूर, मिरी, लवंग व दालचिनी यांच्याबरोबर खडूची पूड असते. इरिमेद हा खैराच्या नात्यातला वृक्ष. त्याच्या साली-लाकडाला येणाऱ्या घाण वासामुळे कोशांत त्याला ‘विट्खदिर’, म्हणजे विष्ठेचा वास असलेला खैर, असे नाव आहे. मुखरोगांवरील प्रसिद्ध तेल याच वृक्षापासून तयार व्हावे, हा एक योगायोगच म्हणावा लागेल.

कोष्ठगत कारण मानले गेल्यास लंघन, दीपन-पाचन औषधे, मृदू विरेचन आणि बद्धकोष्ठावरील उपाय योजले जातात. या भागाला आधुनिक संशोधनाचा आधार कमी मिळतो. सतत येणाऱ्या दुर्गंधीपैकी सुमारे ८० ते ९० टक्के प्रकरणांत उगम तोंडातच असतो आणि जठर हे तिचे कारण क्वचितच असते. त्यामुळे पोट साफ ठेवण्याची औषधे महिनोन्महिने घेत राहणे आणि दातांची तपासणी टाळणे हा रुग्णाच्या हिताचा मार्ग ठरत नाही.

मुखशुद्धीची द्रव्ये, तांबूल आणि सुपारी

तोंड स्वच्छ, रुचकर व सुगंधी राहावे म्हणून चरकाने जायफळ, कटुक, सुपारी, लवंग, कंकोळ, विड्याचे पान, कापूर आणि वेलची ही द्रव्ये तोंडात धरण्यास सांगितली. महाराष्ट्रात जेवणानंतर बडीशेप, ओवा, धनाडाळ, वेलदोडा, लवंग किंवा विडा देण्याची जी प्रथा आहे, तिचा संबंध या परंपरेशी लागतो. लवंगेतील युजेनॉल जीवाणूरोधक आहे. बडीशेप-वेलदोड्याने लाळ सुटते आणि तोंडाचा कोरडेपणा कमी होतो. मात्र या द्रव्यांचा परिणाम तात्पुरता असतो.

सुपारीची गोष्ट निराळी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारी, तसेच तंबाखू नसलेला विडाही, मानवात कर्करोग उत्पन्न करणारा असल्याचे निश्चित केले. सुपारीच्या सेवनाने तोंडाच्या आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कठीण होते. या कर्करोगपूर्व अवस्थेत गालांच्या आत पांढुरके पट्टे दिसतात. संहिताकारांनी मुखशुद्धीसाठी सांगितलेले द्रव्य आज मुखरोगाचे प्रमुख कारण ठरले आहे. संहिताकाळी तंबाखू भारतात नव्हती. ती पोर्तुगीजांमार्फत आली आणि पुढे विड्यात मिसळली. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली.

याच प्रकारचा दुसरा प्रश्न मिश्रीचा (मशेरीचा) आहे. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, दात घासण्यासाठी वापरली जाते. तोंड स्वच्छ राहते व वास जातो या समजुतीने तिची सुरुवात होते आणि निकोटिनमुळे दिवसातून अनेकदा ती लावण्याचे व्यसन जडते. कोळसा वा शेणीच्या राखेपासून केलेली राखुंडी वेगळी. तिच्यात तंबाखू नसते, पण भरड असल्यास ती दातांचे बाह्य आवरण झिजवते. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे, परंतु घरी भाजलेली मिश्री या बंदीच्या कक्षेत प्रत्यक्षात येत नाही. आयुर्वेदाच्या कोणत्याही संहितेत तिचा आधार नाही.

पुराव्याचे स्वरूप

मुखदुर्गंधीवरील उपचारांचा कॉक्रेन या संस्थेने २०१९ साली आढावा घेतला. सर्वच उपचारांबाबत उपलब्ध पुराव्याची विश्वासार्हता कमी किंवा अतिशय कमी असल्याचा निष्कर्ष त्यात निघाला. हा निष्कर्ष आयुर्वेदिक उपायांपुरता मर्यादित नाही. बाजारातील गुळण्यांची औषधे व जिभेच्या पट्ट्या यांनाही तो लागू होतो. त्रिफळा व कडुनिंब यांच्या गुळण्यांवर भारतात चाचण्या झाल्या असून त्यांत दातांवरील थर व हिरड्यांचा दाह कमी झाल्याच्या नोंदी आहेत. क्लोरहेक्सिडिन हे प्रचलित औषध दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून पर्यायी द्रव्यांविषयी दंतवैद्यकातही उत्सुकता आहे.

निदानविषयक बाबी

लसूण-कांद्यामुळे येणारा वास रक्तातून फुप्फुसावाटे बाहेर पडतो, म्हणून दात घासून तो जात नाही. काही तासांनी तो आपोआप ओसरतो. सकाळी उठल्यावर येणारा वासही झोपेत लाळ कमी झाल्याने येतो आणि तो रोग नव्हे. मुखशुद्धी नीट करूनही काही आठवडे टिकणारी दुर्गंधी मात्र तपासणीस पात्र असते. हिरड्यांतून रक्त, हलणारे दात, टॉन्सिलवर साचणारे पांढरे खडे, नाकातून पू येणे किंवा औषधांमुळे पडलेली तोंडाची कोरड यांचा शोध प्रथम घेतला जातो. अनियंत्रित मधुमेहात श्वासाला फळासारखा गोडसर वास येतो व त्यासोबत उलटी, ग्लानी असल्यास ती तातडीची अवस्था असते. मूत्रपिंड निकामी होत असताना अमोनियासारखा, तर यकृताच्या गंभीर विकारात कुबट गोड वास येतो. बरा न होणारा व्रण आणि दुर्गंधी एकत्र असल्यास कर्करोगाची शक्यता तपासली जाते, विशेषतः तंबाखू व सुपारीचे सेवन करणाऱ्यांत.

दुर्गंधीची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी काहींच्या तोंडाला प्रत्यक्षात वास नसतो. स्वतःचा श्वास स्वतःला हुंगून कळत नसल्याने समोरच्याने नाकाला हात लावला किंवा तोंड फिरवले एवढ्यावरून तसा ग्रह होतो. तपासणीनंतरही तो टिकून राहिला तर त्यास दुर्गंधभय म्हणतात. अशा व्यक्ती लोकांत मिसळणे टाळतात आणि दिवसभर लवंग, वेलदोडे वा गुळण्यांचा आधार घेत राहतात. येथे मुखशुद्धीचे आणखी उपाय सुचवल्याने भीती बळावते. त्यांना मानसोपचाराची गरज असते.